साहेबांचा फुगवटा आणि वहिनींचं हळदीकुंकू

तुमची आई म्हणाली, तुम्हा दोघांना शाळेत विश्वाच्या जन्माचा धडा लागला आहे आणि सुरुवातीला एक मोठा स्फोट झाला, हे तुम्हाला पाठही झालं आहे. छान. हेच वाक्य तुम्ही इथे नोएडात, आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये म्हणाला असतात, तर वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तुम्हाला तळमजल्यापर्यंत सोबत केली असती, मग पार्किंगपर्यंत, आणि गाडी सुरू झाली तरी काचेवर टकटक करून उरलेलं वाक्य पूर्ण केलं असतं.

“स्फोट कुठे झाला? स्फोटाला जागा लागते. जागाच नव्हती. काही फुटलं नाही. फुगलं.”

तेव्हा धडा त्यांच्याकडून शिका. मला त्यातलं जे काही येतं ते त्यांचंच आहे, आणि तेही बहुतेक स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं; का, ते ओघात येईल. गेल्या वर्षीपासून ते मुलाकडे राहतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. फार बरं वाटेल म्हणून.

सगळी सोसायटी त्यांना साहेब म्हणे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांची नोकरी झाली, उमेदीची वर्षं दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर ते नोएडात फ्लॅट घेऊन आमच्या डोक्यावर राहायला आले. खाली खेळणारी मुलं त्यांना गुब्बारेवाले अंकल म्हणत, कारण त्यांच्या खिशात नेहमी फुगे असत. त्यातला एखादा आपल्याला मिळेल, ही आशा मुलांनी फार लवकर सोडली होती.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुम्ही मध्येच फोन हातात घेणार नाही. साहेबांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, एका दिवाळीनंतर गेल्या. पुढच्याच संक्रांतीला साहेबांनी त्यांचं हळदीकुंकू स्वतः करायचं ठरवलं. हळदीकुंकू म्हणजे बाईनं बायकांना घरी बोलवायचं, त्यांच्या कपाळाला हळद आणि कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाण म्हणून एखादी छोटी वस्तू हातात ठेवायची. त्यात पुरुषाचं काम एवढंच की त्यानं घरात नसावं. इथे यजमान पुरुष, तोही बायको गेलेला, तोही वर्ष व्हायच्या आत. आमच्याकडच्या मराठी बायकांचं नवरात्रातल्या साडीच्या रंगावर आजवर एकमत झालेलं नाही. साहेबांकडे कुणी जायचं नाही, यावर मात्र एक शब्दही न बोलता झालं.

आणि साहेबांना त्या यायला हव्या होत्या. त्यांना दुसरी कुठलीही गोष्ट इतकी हवी असलेली मी पाहिली नाही, आणि हे मी विश्व धरून म्हणते आहे.

पण आधी विश्व.

साहेब विज्ञानाचे कुणी नव्हते. निवृत्तीच्या सुमारास ते एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला गेले, चुकून शेजारच्या हॉलमध्ये शिरले, आणि आता सामोसा येईल, मग येईल म्हणून तिथलं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकत बसले. सामोसा आला नाही. व्याख्यान विश्वाच्या पहिल्या क्षणाबद्दल होतं. बाहेर आले ते वेगळेच होऊन आले, असं वहिनी सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज असा खाली जाई की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाला बाहेरचं काहीतरी लागलं. तो सहकारी मात्र पुढे त्यांच्याशी बोलला नाही. त्याच्या निरोपाचं भाषण साहेबांनी करायचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग साहेब दुर्बिणीतून आकाश बघत असतील. नोएडात चंद्र स्वच्छ दिसला तर लोक त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. फुगवट्याच्या अभ्यासाला आकाश दिसावं लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे. साहेब टीव्ही बघत. त्यांच्या दिवाणखान्यात एक जुना डबा टीव्ही होता, केबल काढून टाकलेली, आणि त्यावर दिवसभर काळ्या-पांढऱ्या मुंग्या खरखरत असत. काय बघताय म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, “बातम्या.” त्यांचं म्हणणं असं, की विश्व तरुण आणि तापलेलं असताना जो उजेड मोकळा सुटला, तो थंड होत होत आजही सगळ्या दिशांनी येतो आहे, आणि या मुंग्यांतली शंभरातली एखादी मुंगी त्याची आहे. हे खरं आहे. मी पडताळून पाहिलं. बाकीच्या मुंग्या कुठल्या, हे विचारायची सोय नव्हती. एवढं मात्र मान्य करायला हवं, की नोएडातल्या वाहिन्यांच्या स्टुडिओंतून सुटणाऱ्या इतर बातम्यांपेक्षा त्यात आरडाओरडा कमी होता.

सगळी अडचण त्या जुन्या उजेडातच आहे. आकाशाच्या उजव्या टोकाकडून येणारी ती थंडगार ऊब मोजा, मग डाव्या टोकाकडून येणारी मोजा. दोन्ही सारख्या. फरक असलाच तर लाखात एखाद्या भागाचा. आता गंमत बघा. ही दोन टोकं इतकी लांब आहेत, की विश्व जन्मल्यापासून उजेड न थांबता धावतो आहे तरी एकीकडचा दुसरीकडे पोचलेला नाही, आणि उजेडाहून वेगानं निरोप कुणालाच नेता येत नाही. मग दोघांनी एकच तापमान ठरवलं कसं?

“परिपत्रक निघालं नाही,” साहेब बोटं मोडत, “मीटिंग झाली नाही, फोन झाला नाही. तरी दोन लांबच्या कार्यालयांत चहा एकाच तापमानाचा. ताई, मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली. परिपत्रक काढूनसुद्धा असं होत नाही.”

म्हणून निष्कर्ष एकच: ती दोन टोकं केव्हातरी एकाच किटलीजवळ उभी होती. अगदी खेटून. तिथे त्यांची ऊब एक झाली, आणि मग त्यांच्यामधली जागाच अशी ताणली गेली की दोघं कायमची लांब पडली. यालाच फुगवटा म्हणायचं. पुस्तकी मराठीत आणखी भारदस्त शब्द आहे, पण तो उच्चारला की समोरचा माणूस घड्याळ बघतो, असा साहेबांचा अनुभव होता. (फुगवटा म्हटलं तरी बघतो, हा आमचा.) ताणणं किती, तर मोहरीचा दाणा आपल्या आख्ख्या आकाशगंगेहून मोठा व्हावा, त्या पटीनं. वेळ किती, तर सेकंदाचा इतका लहान तुकडा, की त्याच्या मानाने डोळ्याची उघडझाप म्हणजे युगं झाली. आणि उजेडाहून वेगानं काही जाऊ शकत नाही, त्या नियमाचं काय? साहेबांचा चेहरा इथे खुलायचा. तो नियम जागेतून धावणाऱ्यांना लागू आहे, खुद्द जागेला नाही. नियमातली पळवाट नियमातूनच काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. विश्वानंही तेच केलं, याचा त्यांना एखाद्या सहकाऱ्याबद्दल वाटावा तसा अभिमान होता.

त्यांची खोड अशी, की ते उदाहरण देत आणि लगेच मागे घेत. एकदा सोसायटीच्या जेवणात छोले-भटुरे होते. साहेब कढईपाशी उभे राहिले. भटुरा तेलात पडला, टम्म फुगला, आणि साहेब रांगेतल्या माणसांना म्हणाले, हे पाहिलंत, असं झालं. मग भुवया आकसून म्हणाले, “हे उदाहरण मी मागे घेतो. भटुऱ्याला फुगायला कढई लागते. विश्वाला बाहेर कढई नव्हती.” हलवाई म्हणाला, “अंकल, लेना है या नहीं लेना?” साहेबांनी भटुराही मागे घेतला.

फुग्याचं उदाहरण तेवढं त्यांनी पूर्ण मागे घेतलं नाही. फुग्यावर ते टिकल्या चिकटवत. तुमच्या शिक्षिकेनं पेनानं ठिपके काढले असतील. साहेबांना ते चालत नसे. फुगा फुगला की शाईचा ठिपकाही फुगतो, आणि आकाशगंगा स्वतः फुगत नाहीत, फक्त एकमेकींपासून लांब जातात. टिकली आहे तेवढीच राहते. तेव्हा टिकलीच पाहिजे, आणि ती वहिनींच्या डबीतली. वहिनींना चांगल्या टिकल्यांचं पाकीट घरात ठेवणं अशक्य झालं होतं. एखाद्या लग्नाला निघताना त्या साहेबांच्या खिशातला फुगा काढून त्यावरची आकाशगंगा सोलून कपाळाला लावत.

वहिनींचं आणि विश्वाचं फारसं बरं नव्हतंच. एके दिवशी त्यांच्या पिठल्यात गुठळ्या राहिल्या. दुसरा कुणी नवरा मुकाट्यानं जेवला असता, किंवा तोंड वाकडं करून जेवला असता. साहेबांनी गुठळ्यांची स्तुती केली. ते म्हणाले, विश्व अगदी सारखं, अगदी गुळगुळीत झालं असतं तर काहीच घडलं नसतं. फुगण्याआधी त्यात सूक्ष्म थरथर होती. फुगवट्यानं तीच ताणून मोठी केली, कुठे किंचित दाट, कुठे किंचित पातळ. जिथे दाट, तिथे पुढे वस्तू गोळा झाल्या, आकाशगंगा झाल्या, तारे झाले, तू झालीस. गुठळ्या आहेत म्हणून आपण आहोत. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “मला गुठळी म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर.” मी म्हटलं, ते कौतुक होतं. त्या म्हणाल्या, “हो, तेच तर.”

इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत त्यांनी याहून मोठा पराक्रम केला. दिल्लीची मराठी माणसं जानेवारीत पानिपतला जातात, लढाईच्या जागी उभी राहतात, कुणीतरी दाटल्या गळ्यानं बोलतं आणि सगळे खाली बघतात. आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई बोलत होत्या. त्या वयानं आमच्याहून बऱ्याच लहान, जन्म दिल्लीतला, नवरा मोठ्या कंपनीत, आणि हाती घेतलेलं काम तडीला नेणाऱ्या. या सपाट मैदानावर, असं त्या म्हणाल्या, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. मैदान सपाट नाही, ते म्हणाले, पृथ्वी गोल आहे. आपण तिच्या मानाने लहान म्हणून सपाट दिसतं. विश्वही आपल्याला असंच सपाट दिसतं, कारण फुगवट्यानं ते इतकं ताणलंय, की आपल्या वाट्याच्या तुकड्यात वाक उरलेला जाणवतच नाही. परतीच्या बसमध्ये अध्यक्षबाईंनी त्यांना मागच्या चाकावरची जागा दिली. गणेशोत्सवात व्याख्यानाला वेळ मिळावा, असा त्यांचा अर्ज दरवर्षी असे. त्या वर्षीही अंताक्षरीच झाली.

म्हणून साहेबांकडे एकच व्यासपीठ उरलं होतं: वहिनींचं हळदीकुंकू. इतर नवरे त्या दिवशी बाहेर जातात. साहेब बेडरूमच्या दाराआड टपून असत. कुंकू लावून झालं आणि वाण अजून हातात पडायचं आहे, अशी एक वेळ असते. तेव्हा कुठलीही बाई उठू शकत नाही; वाण न घेता निघणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. एवढ्या फटीत साहेब फुगा घेऊन बाहेर येत. एक फुंकर मारत, तोंड चिमटीत धरत, बोलत, पुन्हा फुंकर. बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. विश्व टम्म फुगण्याच्या बेतात आलं, की वहिनी चौरंगापासून म्हणत, “अहो, पुरे आता. त्यांना अजून चार घरं गाठायची आहेत,” आणि वाण वाटायला लागत. त्यामुळे आमच्या सेक्टरमध्ये विश्व वर्षानुवर्षं फुगतच राहिलं. ते पुढे थांबलं, ही बातमी कुणापर्यंत पोचली नाही.

हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. तुमचे आजोबा गेल्यानंतर मला हळदीकुंकवाची बोलावणी येणं बंद झालं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. त्या एका दिवशी सगळ्यांना माझा नंबर सापडत नसे, एवढंच. वहिनींना सापडायचा. पण सरळ बोलवायची त्यांचीही हिंमत नव्हती, म्हणून त्या मला मदतीला बोलवत. मी आत तिळगुळाच्या वड्या ताटलीत मांडत बसे, आणि दारातून विश्व येत राही. साहेबांची समजूत होती की मला स्वयंपाकघर आवडतं.

वहिनी गेल्या, आणि डिसेंबरच्या अखेरीस साहेब एक कागद घेऊन माझ्याकडे आले. मी सरकारी अनुवादक होते, तेव्हा भाषा तपासून द्या म्हणाले. ती लिफ्टमध्ये लावायची सूचना होती. ‘सर्व महिलांना कळविण्यात येते की, दिवंगत यजमानीणबाईंनी निश्चित केल्याप्रमाणे संक्रांतीचे हळदीकुंकू होईल. सर्व महिला, कोणताही अपवाद न करता, आमंत्रित आहेत.’ मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, वाण घरात पडून आहे. वहिनींनी दिवाळीत मेट्रो बदलून बदलून सरोजिनी नगरच्या बाजारातून चहाची गाळणी आणली होती, कारण नोएडात मिळणारी गाळणी त्यांच्या मते चहापत्तीच्या बाजूची होती. “तिनं ती तिच्या मैत्रिणींसाठी घेतली,” साहेब म्हणाले. “त्यांच्या हातात गेली पाहिजेत. मी ती दाराबाहेर ठेवून देणार नाही. त्यांनी घरात यायला पाहिजे. एकदा.”

भाषेत चूक नव्हती. ‘कोणताही अपवाद न करता’ याकडे मी बोट दाखवलं आणि म्हटलं, यात माझ्यासारख्याही येतात. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. “महिला म्हणजे महिला. व्याख्येत आणखी काही होतं का?”

सूचना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई त्यांच्याकडे गेल्या. मी तिथेच होते. त्या फार गोड बोलल्या. असं बोलतात तेव्हा मंडळातली माणसं राजीनामे लिहायला घेतात.

“काका, राग मानू नका, पण हे बिल्कुल बरं दिसत नाही. वर्षाच्या आत सण नाही करत. आणि चलो, ते सोडा. कुंकू लावणार कोण? तुम्ही? आमच्या कपाळाला?”

साहेबांनी याचा विचारच केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते सरकारी माणूस होते. “तो प्रश्न विचाराधीन आहे,” ते म्हणाले. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी टीव्हीवरच्या मुंग्या बघत होते.

ठरलेल्या दिवशी मी वर गेले आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे वळले. साहेब म्हणाले, “ताई, आत कुठे? समोर बसा.” चौरंगावर हळदीकुंकवाची कुयरी होती, आणि तिच्यामागे वहिनींच्या टेबलावरचा आरसा भिंतीला टेकवून उभा केलेला. विचाराधीन प्रश्नाचा निकाल लागला होता: जिचं तिनं लावून घ्यायचं. “विश्वालाही बाहेरून कुणी फुंकर मारली नव्हती,” ते म्हणाले, आणि हे उदाहरण त्यांनी मागे घेतलं नाही.

तुम्ही विचाराल, आजी, तू लावलंस का? लावलं. मधोमध आलंय ना, एवढं आरशात पाहिलं आणि खाली बसले.

मग आम्ही वाट पाहिली. लिफ्टचं दार वाजे, पावलं दुसरीकडे जात. साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसले होते, मांडीवर टिकल्या लावलेला फुगा, शेजारी गाळण्यांचं खोकं. मी म्हटलं, मला सांगा, मी ऐकते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अंधार पडल्यावर ते उठले, कुयरीचं झाकण लावलं आणि म्हणाले, “कोरम झाला नाही. सभा तहकूब.” मला त्यांनी वाण दिलं नाही. सगळ्यांना बरोबरच द्यायचं म्हणाले.

मला वाटलं, संपलं. संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंतच करतात. त्यानंतर नाही, हे आमच्याकडच्या लहान मुलीलाही माहीत असतं. साहेबांना माहीत नव्हतं. किंवा माहीत असून, कुठलीही तारीख वाढवून मिळते असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. रथसप्तमी होऊन गेली आणि लिफ्टमध्ये नवा कागद लागला: ‘सदर हळदीकुंकवास मुदतवाढ देण्यात येत आहे.’

लिफ्टमध्ये बायका हसल्या. वहिनी गेल्यापासून त्यांच्याबद्दल काही निघालं की सगळ्या गप्प होत. आता पहिल्यांदा एकमेकींना कागद दाखवून हसल्या. हळदीकुंकवाला मुदतवाढ, यार, वहिनी असत्या तर काय म्हणाल्या असत्या. आणि मग एक मजेची गोष्ट झाली. रथसप्तमीनंतरचं हळदीकुंकू हे शास्त्रानं हळदीकुंकूच नव्हे. जे हळदीकुंकू नव्हेच, त्याला सणाचं बंधन कसलं, आणि तिथे जाण्यात वावगं काय? हा अर्थ आधी कुणी लावला, मला माहीत नाही. चूक साहेबांची, पळवाट मात्र सगळ्यांना सापडली.

नव्या तारखेच्या संध्याकाळी मी पुन्हा वर जाऊन बसले. तरी उघडपणे कुणी आलं नाही. पहिली आली ती वहिनींचा डबा परत करायला. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात चिवडा होता. साहेबांनी डबा घेतला आणि आरशाकडे हात केला. ती घुटमळली, मग पदर सावरून वाकली. दुसरीही डबाच घेऊन आली, आणि पहिलीला तिथे बसलेली पाहून दोघी इतक्या दचकल्या, की जणू एकमेकींना सिनेमाच्या रांगेत सापडल्या. वहिनींनी सोसायटीभर किती डबे पेरले होते, ते त्या संध्याकाळी कळलं. एकेक बाई आरशासमोर वाके आणि स्वतःचंच कपाळ बघत क्षणभर तशीच राही, कारण तिथे नेहमी वहिनींचं बोट असायचं. सगळ्यांत शेवटी अध्यक्षबाई आल्या. त्यांच्या हातात डबा नव्हता. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काही विचारायचं होतं म्हणाल्या. ते कुणी सांगितलं नाही. त्यांनी कुंकू लावलं आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या.

साहेब उभे राहिले. फुंकर, चिमटी, किटली, परिपत्रक, पुन्हा फुंकर. टिकल्या एकमेकींपासून सरकत गेल्या. आणि विश्व टम्म फुगण्याच्या बेतात आलं तसे ते थांबले. दर वर्षी इथे वहिनी बोलत. ते चिमटीत फुगा धरून चौरंगाकडे बघत राहिले. आत चहाचं पाणी उकळत होतं, तेवढाच आवाज. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग? फुगलं. पुढे?”

पुढे काय, हे साहेबांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते थोडे अडखळले. पुढे ते थांबलं, ते म्हणाले. का थांबलं, कशामुळे सुरू झालं, हे नक्की अजून कुणालाच माहीत नाही. फाईल उघडी आहे. पण थांबलं नसतं तर काहीच झालं नसतं, इतक्या वेगानं ताणणाऱ्या जागेत दोन कणसुद्धा जवळ राहू शकत नाहीत. थांबलं, तेव्हा फुगवणाऱ्या सगळ्या शक्तीची उष्णता झाली, उष्णतेतून वस्तू झाल्या. त्यानंतरही जागा वाढते आहे, पण सावकाश. (तुमच्या शाळेतला स्फोट तो हाच, पोरांनो. म्हणजे तुमची शिक्षिका साहेबांच्या गोष्टीच्या शेवटापासून सुरुवात करते.)

कुणी घड्याळाकडे पाहत नव्हतं. अध्यक्षबाई फुग्यावरच्या दोन टिकल्यांकडे बघत होत्या, एक या बाजूची, एक त्या.

“काका, ती दोन टोकं, आधी जवळ होती म्हणालात ती. ती परत भेटणार?”

“नाही,” साहेब म्हणाले.

“कधीच?”

“कधीच नाही. अंतर वाढतंच आहे.”

“आणि ते तापमान?”

“ते सारखंच. दोन्हीकडे थंड होत चाललंय,” साहेब म्हणाले, “पण सारखंच होत चाललंय.”

मग त्यांनी खोकं उघडलं आणि एकेकीच्या हातात गाळणं ठेवलं. ते कसं द्यायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं; कार्यालयात स्मृतिचिन्ह देतात तसं दोन्ही हातांनी दिलं, जरा वाकून. मलाही दिलं. बायका उठल्या, डबे आत ठेवून आल्या, पण एकदम निघाल्या नाहीत. वहिनी गाळणी घेताना दुकानदाराशी कसं भांडल्या असतील, ते एकीनं आवाज काढून करून दाखवलं, आणि साहेब म्हणाले, याहून जास्त.

अध्यक्षबाई सगळ्यांत मागून निघाल्या. लिफ्टच्या दारात वळून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी रथसप्तमीच्या आत ठेवा, काका. मुदतवाढ वगैरे नको. आणि तिळगूळ विकतचा नको, मी करून आणीन.” दार लागलं, लिफ्ट खाली गेली. साहेब हात जोडून तिथेच उभे होते. त्यांना इतक्या वर्षांत विश्वाबद्दल कुणी काही विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, “ताई, तुम्ही ऐकलंत ना? त्यांनी प्रश्न विचारला.”